माप न घेता घेतलेलं मशीन

दि. ३ फेब्रुवारी

चि. गुंडी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं हे आपण दोघांनी मिळून ठरवलं, इथपर्यंत ठीक. पण कुठलं घ्यायचं हे तू एकट्यानेच ठरवून मला नुसतं कळवतोस, ही कुठली रीत? मला पुढून दार असलेलं हवं. फ्रंट लोड म्हणतात ते. वरून झाकण उघडायचं मला नको. कारण विचारू नकोस, मला हवं आहे एवढं कारण पुरे.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुला ऐकून घ्यायचं नसतं. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

म्हातारीला धुण्यातलं काय कळतं, असं तुला वाटत असेल. दीड वर्षाचा असताना माझ्या शिवणाच्या डब्यातली गुंडी गिळलीस, तेव्हा तीन दिवस तुझे लंगोट मी या हातांनी एकेक धुऊन तपासले. तिसऱ्या दिवशी गुंडी सापडली आणि तुला हे नाव पडलं. ती गुंडी ज्या गिऱ्हाइकाच्या शर्टाची होती त्याच शर्टाला पुन्हा लावली, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. तेव्हा धुण्याबद्दल मला शिकवू नकोस.

बाकी क्षेम. दोन शाळांच्या गणवेशांचं काम आलं आहे. सुती कापड कापायच्या आधी धुऊन आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात पोरांच्या बाह्या कोपरापर्यंत चढतात. पाच पाच मीटरचे ओले तुकडे आता हातांनी पिळवत नाहीत, म्हणून तर मशीन. सुतार येऊन गेला. घरातले तिन्ही उंबरठे काढून टाकले. फार धूळ साठायची.

गेल्या एप्रिलात मी पडले, खुबा मोडला, तेव्हा तू अट घातली होतीस की वर्षभरात पूर्ण बरी झाले नाही तर घर बंद करून तुमच्याकडे यायचं. वर्ष भरायला दोन महिने आहेत आणि मी ठणठणीत आहे. माझ्या घराला कुलूप लावायची स्वप्नं बघू नकोस.

लोभ असावा, सल्ला नसावा.

तुझी आई

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

रस्ते मोजायच्या खात्यात काम करतो म्हणून म्हणत नाही, पण मी घाईत काही ठरवत नाही. तीन दुकानं पालथी घातली. कागदावर दोन रकाने आखून सगळं लिहून काढलं. वरून उघडणाऱ्या मशीनला वाकावं लागत नाही, उभ्याउभ्या कपडे टाकायचे नि काढायचे. मध्येच एखादा मोजा राहिला तर झाकण उघडून टाकता येतो, आणि तुझा एक तरी मोजा राहतोच. धुणंही लवकर आटपतं. पुढच्या दाराच्या मशीनचं दार एकदा लागलं की काम संपेपर्यंत उघडत नाही. त्याच्या तोंडाचं रबर दर वेळी पुसून घ्यावं लागतं, नाहीतर कुबट वास येतो. पाणी कमी लागतं आणि कापड कमी पिळवटतं, हे मान्य. पण खुबा मोडलेल्या बाईने रोज दोनदा कमरेत वाकायचं? विक्रेतासुद्धा म्हणाला की वयस्कर माणसं वरचंच घेतात.

म्हणून मी वरून उघडणारं घेतलं आहे. गुरुवारी येईल. रागावू नकोस. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं येतोच आहोत. तू नेहमीसारखी फाटकापर्यंत चालत आम्हाला घ्यायला आलीस की मी पुन्हा त्या अटीचं नाव काढणार नाही.

तुझा राग थोडा, लोभ पुष्कळ असू दे.

गुंडी

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. गुंडी यास आशीर्वाद. अनेकही नाहीत आणि उत्तमही नाहीत.

मशीन आलं आणि गेलं. दोन धटिंगण ते खाली उतरवायला लागले, तेव्हा मी दारातच स्टूल टाकून बसले. म्हटलं, आत न्यायचं तर मला उचलून बाजूला ठेवा. त्यांनी दुकानात फोन लावला, दुकानाने तुला लावला, तू उचलला नाहीस. अर्धा तास अशी गंमत चालली. समोरच्या चांभाराने आपलं काम सोडून फाटकाशी ठाण मांडलं. शेवटी त्या दोघांना मी पाणी दिलं, त्यांनी मशीन पुन्हा ट्रकवर चढवलं. जाताना त्यातला मोठा म्हणाला की त्याची आईही अशीच आहे. मी म्हटलं, मग तिचं ऐकत जा.

तुझे दोन रकाने वाचले. त्यात मी कुठे आहे? मला सापडले नाही.

लोभ आहे, पण सध्या दारातच बसला आहे.

आई

*

दि. २२ फेब्रुवारी

ती. आईंस सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या मुलाला न सांगता लिहिते आहे. मशीन परत आल्यापासून ते घरात तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे वावरताहेत. दुकानदाराने त्यांना विचारलं म्हणे, की घरात भांडण झालं का. फार लागलं त्यांना ते.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे. छापखान्यात बारा वर्षं मुद्रितं तपासते. छापलेलं सगळेच वाचतात, मला गाळलेलं शोधायची सवय लागली आहे. काल तुमची सगळी पत्रं काढून बसले. ऑक्टोबरात तुम्ही लिहिलंत की शेगडी ओट्यावरून काढून बुटक्या टेबलावर ठेवली, तिथे उजेड चांगला येतो. डिसेंबरात आरसा खाली घेतला, खिळा सैल झाला होता म्हणून. आता उंबरठे गेले, धूळ साठायची म्हणून. आणि मशीन हवं ते बुटक्या दाराचं. आई, तुमच्या घरातली एकेक वस्तू खाली येते आहे. तुम्ही दिवसभर तुमच्या त्या शिवणाच्या चाकांच्या स्टुलावरच असता ना?

मला उत्तर द्यायच्या आधी एक ध्यानात घ्या. तुम्ही मला कळवाल ते मी यांच्यापासून लपवणार नाही. तुम्हा मायलेकांच्या मध्ये गुपितांची पेटी होऊन राहणं मला जमणार नाही. म्हणून मला लिहूच नका. त्यांना लिहा. रागाने लिहिलंत तरी चालेल.

माझ्या आगाऊपणाला क्षमा असावी, आणि लोभाला खंड नसावा.

तुमची सून

*

दि. २७ फेब्रुवारी

चि. गुंडी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बायको तुझ्यापेक्षा हुशार आहे. हे तुला ठाऊक असेलच, तरी एकदा लेखी असू दे.

मी ठणठणीत नाही. उभी राहिले की पाच मिनिटांत खुब्यात कळ येते आणि पाय माझं ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, आता याहून सुधारणार नाही. हे मला ऑक्टोबरातच कळलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले, पाच महिने बोलले, आणि त्याची मला शरम वाटते. फाटकापर्यंत मी चालत येऊ शकत नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी कशी येणार, याची उजळणी मी जानेवारीपासून करते आहे. अर्ध्या वाटेत झाडाला धरून थांबावं लागतं.

आता शरमेचं संपलं, पुढचं नीट वाच.

माझं चाकांचं स्टूल तू जन्मल्यापासून बघतो आहेस. शिलाई मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत आणि तिथून गिऱ्हाइकाच्या आरशापर्यंत मी चाळीस वर्षं त्याच्यावरून फिरले. बसून शिवलं, बसून तुला वाढवलं, बसून तुझ्या शाळेच्या मास्तरांशी भांडले. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाईला काय झालंय. आता तेच स्टूल स्वयंपाकघरात आणि मोरीत जातं, एवढाच फरक. तर मी बरी नाही, हे कुणी ठरवलं? माणूस उभं राहिलं म्हणजेच बरं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मी स्वयंपाक करते, शिवते, झाडते, दार उघडते, मशीनवाल्यांना परत पाठवते. मला माझ्या घरातून कुणी हलवायचं नाही. तूही नाही. तू रडलास तरी नाही.

आणि ते तुझं वरून उघडणारं मशीन. स्टुलावर बसलं की त्याचं झाकण माझ्या नाकासमोर येतं. आत काय आहे ते दिसतसुद्धा नाही. तळाशी गेलेला तुकडा काढायला मला त्यात उडी मारावी लागली असती. मी वाकू नये म्हणून तू माझ्यासाठी भिंत विकत घेतलीस. कमरेत वाकतो तो उभा असलेला माणूस. मी कुठून वाकणार?

तू माझं माप न घेता माझं मशीन घेतलंस. सगळ्या गावाचे रस्ते मोजतोस, शिवणारीच्या पोटचा आहेस, तुला हे शोभत नाही. माप मीच घेऊन पाठवते. स्टुलाची बैठक जमिनीपासून सतरा इंच. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हात पंचवीस इंच. मोरीत माझ्या उजव्या हाताला भिंत आहे, तेव्हा दार डावीकडे उघडणारं हवं.

काय करायचं ते आता तू ठरव. पण लोभ ठेवायचा की नाही हे ठरवू नकोस, तो ठेवायचाच आहे.

आई

*

दि. १२ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे झाले, त्याचं उत्तर नाही. तुम्ही मागची खोली माझ्यासाठी रिकामी करता आहात का, तेवढंच कळव. माझी तयारी आहे असं समजू नकोस, मी येणार नाहीच. पण रोज दुपारी टपालवाल्याची चाहूल लागली की माझ्या हातातली सुई थांबते. मला भीती वाटते आहे. हे त्याला दाखवलंस तरी हरकत नाही.

आई

*

दि. १९ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले आठ दिवस रागात गेले. तू पाच महिने मला फसवलंस याचा राग, आणि तो ओसरल्यावर त्याहून मोठा, मला पत्ता लागला नाही याचा. तू झाडाला धरून थांबतेस, या वाक्याच्या पुढे मी वाचूच शकत नव्हतो.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो. बसायला स्टूल मागितलं. त्यांचं पंधरा इंचांचं निघालं, म्हणून खाली जाडजूड माहितीपत्रकं घातली आणि टेपने मोजून बरोबर सतरा केले. मग एकेका मशीनसमोर बसलो. विक्रेत्याने हळूच विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे ना. मी अंगातला स्वेटर काढला, आत टाकला, बाहेर काढला. दार कुठे वळतं, पावडरचा कप्पा हाताला येतो का, बटणं दिसतात का, सगळं बसूनच पाहिलं. सातपैकी चार नापास. माझा हात तुझ्याहून तीन इंच लांब आहे, तेवढा आखडता घेतला.

निघताना मी घेतलेलं ते वरून उघडणारं तिथेच दिसलं. त्याच्याहीसमोर बसलो. आई, समोर नुसता पांढरा पत्रा होता. दुसरं काही दिसत नव्हतं. मला तिथेच रडू आलं, गिऱ्हाइकांच्या देखत. विक्रेत्याने पाणी आणलं.

मशीन पुढच्या आठवड्यात येईल. ती अट मी मागे घेतो. तीही मी माप न घेताच घातली होती. फाटकापर्यंत यायचं नाहीस. मागची खोली आहे तशीच आहे, तिथे माझे नकाशे पडले आहेत आणि तिथेच राहतील. माझं मागणं एकच, कुठे दुखलं किंवा पडलीस तर मला खरं कळव. मला तेवढ्याचीच खरी भीती आहे.

लोभ कमी झाला नव्हता, फक्त उभा होता. आता बसला आहे.

गुंडी

*

दि. २९ मार्च

चि. गुंडी यास अनेक उत्तम आशीर्वाद, सगळे बाकीचेही.

मशीन आलं. तेच दोघे घेऊन आले. मी या वेळी दारातून बाजूला झाले, तेव्हा मोठा म्हणाला की चुकलं काही तर आताच सांगा, पुन्हा चढवायचं बळ नाही. मोरीत ते अगदी चपखल बसलं आहे. दार डावीकडे उघडतं. हात न ताणता शेवटचा तुकडा निघतो. पहिल्या दिवशी गणवेशाचं निळं कापड टाकलं आणि काचेसमोर बसून पूर्ण वेळ बघत राहिले, काम सोडून. चांभारही येऊन बघून गेला. रबर पुसते, काळजी नको.

तुझं मागणं मान्य. खरं कळवत जाईन. काल डावा गुडघा दुखत होता. झालं समाधान?

आता एक गोष्ट. तू न मागताच दुकानाने मशीन उंच करायचा लोखंडी स्टँड सोबत पाठवला, म्हाताऱ्या माणसांना लागतो म्हणून. मी तो परत केला नाही. सुताराकडून त्यावर फळी ठोकून घेतली, वर गणवेशाच्या चिंध्या भरून गादी शिवली. बसायला झकास झालं आहे. उंची साडेसोळा इंच, माझ्याहून अर्धा इंच कमी, मुद्दाम. सूनबाईला चांगली खुर्ची आहे. हे तुझं.

रविवारी फाटक उघडं असेल. मी घ्यायला येणार नाही. आत यायचं आणि आधी बसायचं. यापुढे या घरात माझ्याशी उभ्याने कुणी बोलायचं नाही.

लोभ वाढवत यावे.

तुझी आई