धाकटीवरचा अंगठा

दि. ४ जून

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सोबतचा भूकंपाचा लेख पोचला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी वाचून दाखवला आणि हे उत्तरही त्याच लिहिताहेत. अक्षर वळणदार दिसलं तर ते त्यांचं, मजकूर खवचट वाटला तर माझा.

तू म्हणतेस, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात भूकंपाची पानं जाणकारांनाच कळतील अशी आहेत, म्हणून तुम्ही सातआठ जण ती साध्या माणसांसाठी नव्याने लिहिताय. आणि आजीला कळलं तर जगाला कळेल, म्हणून मला परीक्षेला बसवलंस. तर ऐक. ‘प्राथमिक तरंगांचा वेग द्वितीयक तरंगांहून अधिक असल्याने’ इथेच शिंपीणबाईंना जांभई आली. मग तुझ्या आजोबांनी मला जसं सांगितलं होतं तसं मी त्यांना सांगितलं. दोघी बहिणी एकाच वेळी घरातून निघतात. धाकटी पळत, थोरली डोक्यावर ओझं घेऊन. आपलं दार जवळ असेल तर दोघी पाठोपाठ येतात. लांब असेल तर धाकटी हातपाय धुऊन बसली तरी थोरलीचा पत्ता नसतो. दोघींमधला वेळ मोजला की त्यांचं घर किती लांब ते कळतं. धाकटी नुसती कडी वाजवते, भिंत पाडते ती थोरली. शिंपीणबाई म्हणाल्या, एवढंच होय! तेवढंच लिही.

आजोबा वेधशाळेच्या यंत्रखोलीत होते, तेव्हा कागद काजळायचं काम घरी माझ्याकडे असायचं. गुळगुळीत कागद रॉकेलच्या दिव्यावर असा फिरवायचा, की काजळी साईसारखी एकसमान बसली पाहिजे. तो कागद यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला, की सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राहायची. मला अक्षर येत नाही, पण ती रेघ मी घडाघडा वाचायची. दिव्याची काच फुटून अंगठा कापला तोही त्याच कामात. अजून काजळीचा वास आला, की ती खोली डोळ्यांपुढे उभी राहते.

वेळेवर जेव. मायेत काटकसर नको. खाली नेहमीचा अंगठा.
तुझी आजी

दि. १५ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दोघी बहिणी लेखात गेल्या. आमच्यातले एक निवृत्त शाळामास्तर तर तुझे भक्तच झालेत.

आता लेखाला चित्र हवं होतं. वेधशाळेने जुन्या नोंदींचे फोटो सगळ्यांसाठी खुले केलेत, त्यात आजोबांच्या सहीची एक सापडली. मोठ्या भूकंपाची, देखणी. फक्त धाकटी ज्या क्षणी आली, नेमकी तेवढीच जागा पुसली गेलीय. कागदामागे साहेबांचा शेरा आहे : ‘नोंद घेणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे खराब.’ आजोबांना यंत्रखोलीतून कोठारात धाडलं, असं बाबा सांगतात, ते याचमुळे ना?

मास्तर म्हणतात, शेरा लेखी आहे, फोटोखाली द्यायलाच हवा. आजी, ते पान रोज हजारो लोक उघडतात. आजोबांचं नाव आणि त्याच्यापुढे हलगर्जीपणा, हे माझ्याने बघवणार नाही.

आणखी एक. मी फोटो मोठा करून पाहिला. तो डाग म्हणजे अंगठ्याचा ठसा आहे, मधोमध आडवा वण असलेला. मग मी तुझी जुनी पत्रं काढली. पत्रांवर निळ्या शाईत वण पांढरा दिसतो, तिथे पांढऱ्या ठशात काळा. रागावू नकोस. सांगशील का मला?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

दि. २३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वाचता वाचता शिंपीणबाई थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मी अंगठा मुठीत लपवला. ऐंशी पार केलेली बाई अंगठा लपवते, हस तू. आता त्यांना शपथ घालून लिहायला बसवलंय. त्यांची मान खाली आहे, तेवढंच बरं.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. तुझ्या आजोबांनी कागद नुकताच काढून टेबलावर ठेवला होता आणि ते लाखेचं पाणी आणायला आत गेले होते. त्यात बुडवल्यावर काजळी पक्की होते. तोवर कागदाला हात लावायचा नाही, हे मीच घरी मुलांना बजावायची. पण एवढी मोठी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्याआधी आपण अंतर सांगावं, शाबासकी घ्यावी, म्हणून कागद खिडकीपाशी नेला. अंगठा पडला तो धाकटीवर.

ते आले. कागद बघितला, मग माझा अंगठा. म्हणाले, घरी जा, हात धू. साहेबांना सांगितलं, माझ्याच हातून झालं. मी खरं सांगते म्हटलं, तर म्हणाले, बाहेरचं माणूस यंत्रखोलीत आलं हे कळलं तर नोकरीच जाईल. अकरा वर्षं कोठारात बसले, पण एक टोमणा नाही. एकदा तरी मारायचा होता गं. मी उलट बोलले असते, भांडण होऊन मिटलं असतं.

आता नोकरी नाही, साहेब नाही. खरं ते लिही.
तुझी आजी

दि. १ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पण ज्ञानकोशाला घरातलं सांगणं चालत नाही, आणि मी तर पडले नात. दोनच वाटा आहेत. फोटो कडेने कापायचा, म्हणजे ठसाही जाईल आणि शेऱ्याचा प्रश्नही. किंवा तुझं पत्र वेधशाळेत द्यायचं. तिथल्या कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, त्या नोंदीशेजारी ठेवतील, कुणालाही वाचता येईल. मास्तरही म्हणाले, मग शेरा एकटा देता येणार नाही. पण आजी, तुझी चूक जगजाहीर होईल. तू म्हणशील तसं.
भिंगरी

दि. ९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कापू नका. धाकटी आधीच माझ्यामुळे गेली, आता उरलेल्या कागदाला कशाला कात्री? ते पत्र नेऊन दे, सोबत हेही. फोटोखाली आजोबांच्या नावापुढे ‘नोंद घेणारे’ एवढंच राहू दे, आणि ठसा बायकोचा म्हणून लिही.

शिंपीणबाई म्हणतात, आता एवढ्या मोठ्या झालात, सही तरी शिका. त्यांनी कागदावर गिरवायला काढूनही दिली. म्हटलं, ही पत्रं वेधशाळेत पोचेपर्यंत नको. सही केली तर तो डाग माझाच, हे तिथे कुणाला पटेल?

म्हणून खाली अंगठाच आहे. या वेळी जरा दाबून उठवलाय.
तुझी आजी