दोष काचेत आहे

२४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोयनानगरला स्टोअरकीपर असतानाच ठरवलं होतं, पण वेळ मिळाला नाही. रिटायर झाल्यावर तर अजिबात मिळाला नाही.
काल संध्याकाळी कराडहून कडेगावला येताना त्रास झाला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की त्याच्या दिव्याभोवती मोठं वर्तुळ पसरतं आणि रस्ता ताकात बुडाल्यासारखा दिसतो. घरी येऊन कारण शोधलं. पुढच्या काचेवर वायपरच्या रेघा. कारखाना सुरू झाल्यापासून काजळी पडते आणि मी ती कोरड्या वायपरनंच पुसत होतो. चूक झाली. वायपरची.
काम तातडीचं आहे. जोतीराम, म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, डिसेंबरअखेर सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त होतोय. दोन जानेवारीला वडूजजवळ त्यांच्या गावात मिरवणूक. फोनवर म्हणाला, दाजी, म्होरली गाडी तुमचीच, आन् आई तुमच्या शेजारी बसंल. थोरल्या जावयाचा मान.
सौ.चं म्हणणं, गाडी क्रांतीला चालवू द्या. क्रांती आमची मुलगी. लायसन्स अजून कोरं आहे. हसून विषय संपवला.

२५ नोव्हेंबर
सौ.ला सोबत घेऊन गाडी गुंडाच्या गॅरेजला नेली. त्यानं काचेवरून नख फिरवलं. म्हणाला, साहेब, डाव्या अंगाला दोन बारीक रेघा हायत, नखालाबी लागत न्हाईत. तुमच्या म्होरं काच लोण्यावानी हाय. वायपरचं रबर तेवढं बदला.
माझ्यासमोरचा एवढा मोठा ढग त्याला दिसला नाही. डोळे तपासून घे म्हणून प्रेमानं सुचवलं. तो सौ.कडे बघत राहिला.
रबर बदललं. काच स्वतः पॉलिश करणार. टेक्निकल माणसाला गॅरेज लागत नाही.

२८ नोव्हेंबर
मोबाइलवर एक जण टूथपेस्टनं काच घासतो. आमच्या घरात लाल दंतमंजन. तत्त्व तेच.
परिणाम: काच गुलाबी. बॉनेट गुलाबी. वाळत घातलेला सौ.चा परकर गुलाबी. ढग जागच्या जागी.
काच पॉलिश करायची खरी सेरियम पावडर ऑनलाइन मागवली. स्वस्तातलं काही करायचं नाही, असा आजपासून नियम.

४ डिसेंबर
पावडर आली. सोबत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती. शेजारच्या नाथाजीचं ड्रिल मशीन आणलं. पावडर दह्याएवढी घट्ट कालवायची, चकती ड्रिलला लावायची, काच ओली ठेवत सावकाश फिरवायची, एका जागी थांबायचं नाही. हे सगळं पहिल्याच वेळी समजलं. व्हिडिओ पुढं बघायची गरज वाटली नाही.

५ डिसेंबर
सकाळभर काम. फक्त ड्रायव्हरची बाजू घेतली, कारण ढग तिथंच आहे. जिथं जास्त वाटला तिथं जास्त वेळ थांबलो. मध्ये काच तव्यासारखी तापली. सौ. म्हणाली, आवं, भाकरी टाकू का त्यावर? दुर्लक्ष केलं.
संध्याकाळी ट्रायल. वर्तुळ तेवढंच. म्हणजे दोष वरवरचा नाही, काचेच्या आत मुरलाय. असा दोष जिल्ह्यात पहिल्यांदा मीच शोधला असावा.

९ डिसेंबर
नाथाजीच्या नव्या गाडीतून विट्याला गेलो. धक्काच बसला. त्याच्याही काचेवर तसाच ढग. शोरूममधून निघून महिनाही झाला नाही. स्पष्ट सांगितलं, नाथाजी, फसवलं तुला. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. घरी पोचल्यावर फक्त म्हणाला, माझं ड्रिल द्या.
चांगलं सांगितलेलं लोकांना आवडत नाही. नवीन ड्रिल घेतलं.

१२ डिसेंबर
बसनं सांगलीला. मुद्दाम पुढची सीट पकडली. बसची काचही तशीच. ड्रायव्हरला सहानुभूतीनं विचारलं, यातून चालवता कसं? कंडक्टर म्हणाला, बाबा, खाली बसा, माणसं भ्यात्यात.
घरी आल्यावर टीव्हीची काच पाहिली. तीच तऱ्हा. बाथरूमचा आरसा पॉलिश केला. आरशाला फरक नाही, पण हात बसतोय.

१३ डिसेंबर
सौ.नं जेवताना विषय काढला. आवं, सगळ्याच काचा कशा खराब हुतील? एकदा डोळं दाखवा की.
माझे डोळे. स्टोअरमध्ये नटबोल्टवरचा नंबर लांबून वाचणारे डोळे.
क्रांती म्हणाली, पप्पा, तिथूनच कॅलेंडर वाचा बरं. वाचलं. डिसेंबर, आज तेरा, शेजारी गणपतीचं चित्र. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं जिंकलो. मग कळलं, नोव्हेंबरचं पान उलटायचंच राहिलं होतं. घरात शिस्त नाही, त्याला माझे डोळे काय करणार?
शेवटी तडजोड. मिरवणुकीत माझ्याकडून एक जरी चूक झाली तर किल्ली कायमची क्रांतीकडे. मी शब्द दिला. चूक होण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे शब्द द्यायला काही लागत नाही.

२१ डिसेंबर
पॉलिशचा दुसरा हात. नवीन ड्रिल जोरदार आहे. माझ्यासमोर परातीएवढा भाग खास तयार केला.
आता एक गोष्ट नवीन दिसते. मान हलवली की समोरचा विजेचा खांब कमरेत वाकतो. खांब मुळात वाकडा असणार, आजवर खराब काचेमुळे कळलं नव्हतं. प्रगती आहे.

२९ डिसेंबर
क्रांती दूध आणायला गाडी घेऊन गेली. परत आल्यावर बघितलं, मान पार डावीकडे झुकवून चालवत होती. वाईट सवय. मिरवणूक झाली की शिकवेन.
ढग अजून आहे, पण मी त्याला सरावलोय. सैन्यात यालाच ट्रेनिंग म्हणतात.

२ जानेवारी
मिरवणूक झाली. शांतपणे लिहितो.
भाषणं लांबली, निघायलाच दिवस मावळला. क्रम असा: पुढं हलगी आणि लेझीम, मग माझी गाडी, शेजारी सासूबाई, मागं सौ. आणि क्रांती. त्यामागं उघड्या जीपमध्ये हार घातलेला जोतीराम, मग सगळं गाव. दोन्हीकडून मोठमोठे दिवे सोडलेले. काचेवर नुसती पांढरी भिंत.
पारापाशी हलगीवाले तंबाखू मळायला बाजूला थांबले. मला ते दिसलं नाही. डावीकडे दिव्यांची कमान दिसली. जोतीरामचंच घर, म्हणून वळवली. माझ्यामागं जीप, जीपमागं गाव, गावामागं पळत हलगीवाले.
सासूबाई म्हणाल्या, जावयबापू, आपलं घर मागं ऱ्हायलं की वं. मी म्हणालो, आई, काच पॉलिश केलीय, मला दिसतंय. त्या म्हणाल्या, मला बिगरपॉलिशचं दिसतंय, ह्यो सयाजीच्या नातवाच्या बारशाचा मांडव हाय.
सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत.
सयाजीची माणसं मोठ्या मनाची. सुभेदार आपणहून दारात आला म्हणून त्यांच्या बायकांनी लगबगीनं ताट आणलं, जोतीरामला ओवाळलं, सगळ्या गावाला घुगऱ्या वाटल्या. तिकडं घरच्या दारात जोतीरामची बायको निरांजन धरून कितीतरी वेळ उभी. नवरा इतकी वर्षं सीमेवर, आणि रिटायर होऊन पहिलं ओवाळणं परक्या मांडवात. जोतीराम हसून म्हणाला, दाजी, अठ्ठावीस वर्षांत वाट चुकलो न्हाई, आज तुमी दावली. हसला खरा. रात्री जेवताना माझ्याकडं बघितलं नाही.
मांडवातून निघायला गाडीत बसलो. कुणाला खरचटलं नाही, म्हणजे ही चूक धरता येत नाही, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात सासूबाईंनी हात घालून किल्ली काढली आणि मागं क्रांतीच्या ओंजळीत टाकली. मी उतरून मागं बसलो. शब्द दिला होता.

१२ जानेवारी
सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. केवळ सौ.च्या समाधानासाठी. मोतीबिंदू, दोन्हीकडे. उजवा पार पिकलाय म्हणाले. विचारलं, खराब काचेतून जास्त बघितल्यानं होतो का? नाही म्हणाले. दुसऱ्या शब्दांत परत विचारलं. परत नाही म्हणाले.
त्यांच्या तपासणी मशीनच्या काचेवरही ढग होता. पावडर शिल्लक आहे म्हणून सांगणार होतो, पण सौ.नं हात दाबला.

२४ जानेवारी
काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आज पट्टी काढली. डॉक्टरांच्या शर्टावर बारीक चौकडी आहे. सौ.च्या कानापाशी केस पांढरे झालेत. कधी झाले, माहीत नाही.
खाली क्रांती गाडी घेऊन उभी. सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. काच पाहिली.
माझ्यासमोर परातीएवढा खळगा. त्यातून हॉस्पिटलची भिंत पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मधोमध एक खांब कमरेत वाकलेला. खिडकीबाहेर डोकं काढून पाहिला. सरळ होता.
क्रांतीला विचारलं, यातून तीन आठवडे चालवलीस कशी? ती म्हणाली, मान डावीकडं करायची पप्पा, सवय होते. बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून केलं होतं.
गुंडाला फोन करून नवीन काच सांगितली. तो म्हणाला, जुनीला काय झालं साहेब, चांगली हुती की. मी म्हणालो, होती.
मग उतरून, वळसा घालून डाव्या सीटवर बसलो. इकडं काचेवर दोन बारीक रेघा आहेत. नख लावून बघितलं, लागत नाहीत. कडेगावपर्यंत त्या दोन रेघांमधून सगळा रस्ता स्वच्छ दिसला.