सिलिकॉनची नळी ताजी ठेवण्याबाबत

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग आता मनातल्या मनातच घालतो, तरी पोचल्याचं समजावं.) तुमचा कमरेचा पट्टा सुटला का? वहिनींचा खोकला कसा आहे? इकडे मी ठणठणीत. तुमची बहीण तुमच्याकडे मजेत आहे हे मला न सांगताच समजलं, कारण तिला तिथे कशाची उणीव भासली असती तर तिनं फोन करून त्याचा दोष मला दिला असता. फोन आलेला नाही, त्या अर्थी सगळं छान चाललं असणार.

पत्र लिहायला कारण की, फटी भरायच्या सिलिकॉनची उघडलेली नळी वाळू न देता ठेवण्याची रीत मला सापडली आहे. मागे तुमच्या खिडकीच्या चौकटीचं काम चाललं होतं तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, की ही नळी एकदा उघडली की काम उरकायचं आणि उरलेली फेकून मोकळं व्हायचं. ते मत मी तुमच्या वयाला मान देऊन ऐकून घेतलं होतं. पण दादा, अर्धी भरलेली नळी फेकणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागते हे मला त्या दिवसापासून पडलेलं कोडं आहे. आता या सगळ्याचा तुमच्या बहिणीशी संबंध काय, तर तिची अट तुमच्या कानावर आलीच असेल. बाथरूममधल्या बेसिनमागची फट बुजल्याशिवाय ती या घरात पाऊल टाकणार नाही. अट रास्त आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त तिची बाजू तुम्ही जेवताना ऐकली असेल, तर माझी बाजू निवांत बसून ऐका.

फट म्हणाल तर काडी जाईल एवढी. बेसिन आणि भिंत यांच्यामधलं जुनं भरण सुटलं आणि पाणी आत जायला लागलं. पाणी आत गेलं की खाली जाणार, त्यात माझा काय दोष? खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. आमच्या बेसिनच्या बरोबर खाली त्यांची ती मोठी खुर्ची आहे, आणि ती जमिनीला बोल्टांनी पक्की केलेली असल्यामुळे इकडची तिकडे होत नाही. (घर घेताना आपण ऊन पाहतो, वारा पाहतो, खालच्या माणसाची खुर्ची कुठे आहे हे कोणी पाहतं का?) पेशंट आडवा, तोंड उघडं, आणि वरून थेंब. डॉक्टर फार सभ्य. पहिल्यांदा त्यांनी नुसती चौकशी केली. दुसऱ्यांदा म्हणाले, "अहो, माझी नर्स हल्ली एका हातानं पेशंटवर छत्री धरते, दुसऱ्या हातानं मला हत्यारं देते." मी त्यांना तिथल्या तिथे शब्द दिला. शब्द देण्यात मी कधीच मागे नसतो.

लगेच नळी आणली, ती दाबायची गन आणली. नळीची ती प्लास्टिकची निमुळती चोच तिरकी कापली आणि डावीकडून सुरुवात केली. काम इतकं सुबक होत होतं की अर्ध्यावर थांबून मी चार पावलं मागे जाऊन पाहत राहिलो, आणि मग वाटलं की घाई कशाला, अर्धी बाजू कशी धरते ते पाहू, उरलेली उद्या. आता उद्यापर्यंत नळी ठेवायची तर चोच बंद करायला हवी. जाणकार लोक चोचीत स्क्रू पिळतात. मी जरा जास्तच जाणकार असल्यामुळे घरातला सगळ्यात लांब स्क्रू पिळला. तो आतपर्यंत गेला आणि जाताना चोच उभी चिरून गेला. त्या चिरेतून हवा शिरली, आणि पुढे आठवड्यानं (उद्याचं काम आमच्याकडे आठवड्यानं होतं, ते तुमच्या बहिणीनं सांगितलंच असेल) मी नळी हातात घेतली तेव्हा आतमध्ये काठी तयार झाली होती. स्क्रूसुद्धा गंजून तिच्यात कायमचा राहायला गेला. तोवर डावीकडची सुबक बाजूही ओल्या भिंतीवर भरल्यामुळे सालीसारखी निघून आली होती, म्हणजे पुन्हा सगळं मुळापासून.

दुसऱ्या नळीनं थोडं काम झाल्यावर उरलेलीला मी फ्रिज दिला. विचार साधा होता. थंडीत सगळंच जास्त टिकतं, मग हिनं काय पाप केलं आहे? चोचीवर हातमोज्याचं एक बोट ओढलं, वर चिकटपट्टी, वर पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि नळी दुधाच्या मागे आडवी. या सिलिकॉनला शिरक्यासारखा आंबट वास असतो हे माझ्या लक्षात होतं, पण तो फ्रिजभर पसरेल हे नव्हतं. तुमच्या बहिणीला वाटलं काहीतरी नासलं. आधी तिनं दूध टाकलं, मग भाजी, मग कालचं सगळं, मग आजचंही. फ्रिज रिकामा होऊन धुऊन झाला तरी वास जाईना. मी बाहेरच्या खोलीत बसून ते ऐकत होतो आणि आता सांगावं की मग सांगावं या विचारात असतानाच तिला पिशवी सापडली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "तुम्हाला फट बुजवायची आहे, की नळी जपायची आहे?" (दोन्ही, हे माझं उत्तर ऐकायला ती थांबली नाही.)

तिचं समाधान व्हावं म्हणून मी लगोलग नळी गनला लावली. पण चोचीत घट्ट झालेल्या मालाचंच बूच बसलेलं, आतला माल गारठून घट्ट झालेला, आणि माझा हात मुळातच ताकदीचा. मी दाबलं. पुढून कणभरही आलं नाही, आणि मागून नळीतला सगळा माल बाहेर आला, गनवर, मनगटावर, बाहीवर. त्या शर्टाची डावी बाही आजतागायत भिजत नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी हिची दाढ दुखायला लागली आणि ती खाली डॉक्टरांकडे गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खुर्चीत आडवी झाली, इंजेक्शन घेतलं, पुन्हा तोंड उघडलं, आणि आपल्याच घरचा थेंब आपल्याच कपाळावर पडला. नर्स नेमकी तेव्हा छत्री मिटून फोन घ्यायला गेली होती. ही वर आली ती अर्धा गाल बधिर घेऊन, तरी जे बोलली ते अगदी स्पष्ट होतं. मग बॅग भरली आणि तुमच्याकडे आली.

आता मुख्य मुद्दा, तिसरी नळी. घर शांत असल्यामुळे मला नीट विचार करता आला. आधीच्या दोन्ही वेळा चूक एकच झाली होती. मी कामाला आधी हात घातला आणि नळी ठेवायच्या व्यवस्थेचा विचार नंतर केला. या खेपेला व्यवस्था आधी, काम नंतर. थोडं वाचन केलं. हे सिलिकॉन आपल्याला वाटतं तसं वाळत नाही, हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतं, म्हणजे ओलावा तोडला की झालं. हिची बटणांची मोठी काचेची बरणी मी रिकामी केली. (बटणं सुखरूप आहेत, माझ्या टोपीत.) नव्या बुटांच्या खोक्यात त्या दाणेदार पुड्या येतात, ओल शोषणाऱ्या, त्या मी बूटवाल्याकडून मूठभर मागून आणल्या आणि बरणीच्या तळाशी अंथरल्या. मग नळीची चोच कापली, थोडं दाबून पाहिलं, माल लोण्यासारखा मऊ. नळी आत उभी केली, झाकण लावलं, आणि हवा शिरत नाही ना हे पाहायला बरणी पाण्याच्या बादलीत बुडवली. झाकणाच्या कडेनं बुडबुडे आले.

दुसरा कोणी असता तर इथे खचला असता. मी मात्र हसलो, कारण फट बुजवायचा उत्तम पदार्थ माझ्या हातातच होता. नळी बाहेर काढली, लागेल तेवढं सिलिकॉन एका बशीत दाबून घेतलं, नळी परत आत ठेवली, झाकण घट्ट आवळलं आणि सगळ्या कडेनं बोटानं असं गुळगुळीत भरलं की तुम्ही पाहिलं असतंत तर पाठ थोपटली असती. (तुम्ही थोपटत नाही, पण या वेळी थोपटली असती.) ते घट्ट झाल्यावर पुन्हा बादलीत बुडवलं. एक बुडबुडा नाही. दादा, ती नळी आज माझ्या टेबलावर काचेआड उभी आहे आणि चोचीच्या टोकाशी माल तसाच ओला चमकतो आहे. जगात कुठेही उघडलेली नळी इतकी ताजी राहिलेली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तेव्हा रीत सिद्ध झाली आहे, हे तुमच्या बहिणीला योग्य वेळी, तिचं पोट भरलेलं पाहून सांगावं. बाकी घर व्यवस्थित आहे. सकाळी चहा दोन कप होतो, सवयीनं, आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा,
(सध्या एकटा)

ता. क. फट बुजली का, असं तुम्ही विचारालच. अजून नाही. नळी बरणीत आहे आणि बरणी उघडत नाही. गरम पाणी, पक्कड, दाराच्या फटीत धरून पिळणं, सगळं करून झालं. काम फारच पक्कं झालं आहे. फोडावी तर हिची बरणी जाते, आणि न फोडावी तर ही येत नाही.

ता. क. दुसरं. म्हणून पत्राचं खरं कारण लिहितो. तुमच्याकडे न उघडलेली नळी असली तर रविवारी गुपचूप घेऊन या, फट तुमच्या हातानं भरा, आणि उरलेली तुमच्या पद्धतीनं खुशाल फेकून द्या. मी तोंड फिरवून उभा राहीन. हिला मात्र मीच केलं असं सांगा.

ता. क. तिसरं. येऊ नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात डॉक्टर वर आले, स्वतःची नळी आणि गन घेऊन. तडक बाथरूममध्ये गेले, फडक्यानं भिंत कोरडी केली, आणि मी चष्मा शोधून आत जाईपर्यंत फट भरून बोट पुसत होते. "रात्रभर पाणी सोडू नका," एवढंच म्हणाले, उरलेली नळी आमच्या केराच्या बादलीत टाकली आणि खाली गेले, कारण पेशंट तोंड उघडून बसला होता. अर्ध्याहून जास्त भरलेली नळी, दादा.

ता. क. चौथं आणि शेवटचं. हिला खरं तेच सांगा, डॉक्टरांनी भरली म्हणून. फट बुजली हे महत्त्वाचं, कोणी बुजवली याला काही अर्थ नाही. (थोडा आहे, पण असू दे.) पाणी झिरपत होतं तोवर मला निदान उद्योग होता, आता घरात काही म्हणता काही आवाज नाही. मला करमत नाही हो. तिला उद्याच पाठवा. आणि ती ज्याबद्दल विचारील त्याचं उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. केर न्यायला माणूस आला तेव्हा डॉक्टरांची ती नळी मी बादलीतून काढून घेतली नाही. बादली माझ्या हातानं, नळीसकट, त्याच्याकडे दिली आणि तो जिना उतरेपर्यंत दारात उभा राहिलो. तिच्या चोचीचं टोपण तेवढं काढून ठेवलं आहे.