ऑफसाइडचा गुलाल

रेडमंड, १२ ऑक्टोबर २००३

ती. श्रीरंगदादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

ई-मेलला तू ‘हवेतलं पत्र’ म्हणतोस, म्हणून शाईचं पेन शोधून लिहायला बसले. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? इकडे पावसाने मुक्काम ठोकलाय.

बातमी मोठी आहे. तुझी भाची शिवांगी सेंट ओरेलच्या महिला फुटबॉल संघाची कॅप्टन झाली! आठवतं ना, लग्नानंतर संजय त्या कॅरिबियन बेटावर वीज कंपनीत होता आणि शिवांगी तिथेच जन्मली? एवढ्याशा बेटाला खेळाडू मिळेनात. मग जन्माने तिथली आणि अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये खेळलेली ही मुलगी त्यांनी हुडकून काढली.

संजय नाराज आहे. पोरीला बेलव्ह्यूला एवढा चांगला जॉब लागलाय, तर सगळी रजा असल्या उद्योगात का घालवायची, असं त्याचं म्हणणं. शिवाय या संघाने आजवर एकही गोल केलेला नाही. बेटावर धड मैदान नाही, म्हणून मॅचेस फ्लोरिडात होतात. गेल्या महिन्यात ९-० हरले.

हरण्याचं तिला काही नाही. सल वेगळाच आहे. आधीची कॅप्टन जोसेट, म्हणजे बेटावर जिच्या आईची बेकरी आहे ती, हिला तोंडावर ‘विमानातली कॅप्टन’ म्हणाली. मॅचपुरती विमानातून उतरते, हरते आणि परत विमानात बसते म्हणे. बाकीच्या हसल्या. मुलींनी हिला आपलं मानलं नाही तर दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढून दुसरीला द्यावा लागेल, असं कोचबाईंनी सांगितलंय. फोनवर रडत होती रे. मी काय सांगणार? मला थ्रो-इन आणि पेनल्टीतला फरक कळत नाही. तू पेठेच्या संघाचा गोलपोस्ट इतकी वर्षं राखलास, तूच तिला चार शब्द लिही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
नंदा


कोल्हापूर, २३ नोव्हेंबर २००३

चि. सौ. नंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन तडक आमच्या संघाच्या तालमीत गेलो आणि पेढे वाटले. सेंट ओरेल कुठं आलं, असं पोरांनी विचारलं. नकाशा काढला, तर त्यावर बसलेल्या माशीखाली बेट झाकलं गेलं होतं. पण कॅप्टन ती कॅप्टनच.

पुढचं शिवांगीला वाचून दाखव. पोरी, आमच्या गावात फुटबॉल पेठेसाठी खेळतात. गोल खाल्ला की दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे जाब विचारतात, म्हणून तर माणूस चिखलात अंग टाकतो. तेव्हा तुझी पेठ कोणती, ते आधी ठरव. रेडमंड, कोल्हापूर की ते बेट?

माझ्या वेळी आमच्या संघात परक्या पेठेतला राजाराम आला होता. पायात जादू, पण त्याला पास कुणी देईना. त्याने भांडण केलं नाही. रोज आमच्यापैकी एकेकाच्या घरी जाऊन जेवायला बसू लागला. थोड्याच दिवसांत चेंडू आपसूक त्याच्याकडे जायला लागला. ज्या पेठेत जेवली नाहीस, त्या पेठेची कॅप्टन होता येत नाही, लेकी. आता रजा मिळाली की आधी बेटावर जा आणि त्या जोसेटच्या घरी पाटावर बस. पाट नसेल तर खुर्चीवर बस, पण बस.

शेजारचा विक्रम कंपनीच्या कामासाठी तुमच्याकडे येतोय. त्याच्याबरोबर तुझ्या शैलजावहिनीने चिवडा दिलाय आणि मी गुलालाची पुडी. तुमच्या संघाचा पहिला गोल होईल तेव्हा उधळा. अट एकच. रेफ्रीने मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवून गोल मान्य केल्याशिवाय पुडी फोडायची नाही. लाइनमनचं निशाण वर दिसलं तर गोल बाद, हात खिशात ठेवायचे. उतावळा गुलाल आमच्या तालमीत पाप समजतात.

संजयरावांना सांग, रजा साठवून लोणचं घालता येत नाही. सवडीने लिहीत जा, आमचा जीव तिकडेच असतो.

तुझा
श्रीरंगदादा


रेडमंड, ७ मे २००६

ती. दादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

आधी सांगते, हसायचं नाही.

तुझं ऐकून शिवांगी गेल्या दोन्ही वर्षी नाताळच्या सुट्टीत बेटावर गेली. पहिल्या वर्षी जोसेटच्या आईने मुकाट्याने वाढलं. दुसऱ्या वर्षी हिला बेकरीत पीठ मळायला बसवलं आणि ब्रेड कडक झाला म्हणून चार बायकांसमोर रागे भरली. शिवांगीला त्या बोलण्याचा इतका आनंद झाला की तिने आम्हाला खास फोन करून सांगितलं. पट्टा अजून हिच्याच दंडावर आहे, पण कोचबाई दर वर्षी ‘बघू’ म्हणतात. जोसेट आता पास देते, हसत मात्र नाही.

गेल्या शनिवारी फ्लोरिडात मॅच होती. या खेपेस संजयही आला, फक्त फोटो काढायला म्हणून. तुझी पुडी त्याच्या जॅकेटच्या खिशात होती. दोन गोल खाऊन झाले होते, मॅच संपत आली होती, आणि शिवांगीने पुढे मिळालेल्या पासवर मारलेला चेंडू थेट जाळ्यात! दादा, आमच्या लग्नातही ज्याने आवाज चढवला नव्हता, तो माणूस बाकावर चढून ओरडला आणि अख्खी पुडी आभाळात उधळली. मी, पुढच्या दोन गोऱ्या आज्या आणि बाबागाडीतलं एक बाळ, सगळे गुलाबी झालो. मग बघतो तर लाइनमनचं निशाण वर. ऑफसाइड.

गंमत तिथेच संपली. अनोळखी पूड म्हटल्यावर इथे लोक घाबरतात. दोन सिक्युरिटी गार्ड आले आणि आम्हाला बाजूला घेतलं. संजय स्वतःच्या गालांना गुलाल फासून दाखवत होता की हा रंग आहे, नुसता रंग. तेवढ्यात पायऱ्यांवरून एक धिप्पाड बाई तरातरा खाली आली. ती जोसेटची आई होती. कमरेवर हात ठेवून तिने गार्डना बजावलं की ही माणसं आमची आहेत, आणि आमच्या कॅप्टनचे आईवडील आहेत. मग खाली सांडलेला रंग बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. गार्ड हसून निघून गेले. मला तिथेच रडू फुटलं.

मैदानातून जोसेट हे सगळं बघत होती. मॅचनंतर संजयचं तोंड पाहून ती पोट धरधरून हसली, असं शिवांगी सांगते. तिला हसताना हिने प्रथमच पाहिलं.

पुडी संपली रे. दुसरी पाठवशील ना? रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र लिही.

तुझी
नंदा


कोल्हापूर, २ जून २००६

चि. सौ. नंदास आणि विशेष करून संजयरावांस,
आशीर्वाद व नमस्कार.

ऑफसाइडला गुलाल! उभ्या आयुष्यात असं ऐकलं नव्हतं. तालमीत तुमचं पत्र दोनदा वाचून झालं आणि संजयरावांचं नाव आता ‘लाइनमन’ पडलंय. इथे आले की सत्कार करणार आहेत.

दुसरी पुडी मात्र पाठवणार नाही. रुसू नकोस. पहिला गुलाल मामाने दिला, ठीक आहे. पुढचा पेठेने आणायचा असतो. त्या माउलीला माझा नमस्कार सांग. तिने कपाळाला बोट लावलं, तेव्हाच माझी अर्धी काळजी मिटली. उरलेल्या अर्ध्यासाठी रोज अंबाबाईला जातो.

तुमच्या पत्राची वाट पाहणारा,
श्रीरंगदादा


फ्लोरिडा, ३० मार्च २००८

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

हे माझं पहिलं मोठं मराठी पत्र. आई बाजूला बसून स्पेलिंग सांगतेय, तरी चुका होतील. मोटेलचा कागद आहे, सॉरी.

आज हरलो, ३-१. मामा, तो १ परत वाचा.

मॅचच्या आधी कोचने पट्टा टेबलवर ठेवला आणि कॅप्टन कोण ते आता टीमनेच ठरवावं असं म्हणाली. मला खूप भीती वाटली. जोसेट उठली, पट्टा उचलला आणि माझ्या दंडावर चढवला. वर म्हणाली की विमानातली असली तरी पीठ बरं मळते. मग सगळ्या हसल्या. मीपण.

सेकंड हाफमध्ये मी कॉर्नर घेतला आणि जोसेटने हेड मारलं. बॉल आत! पण कोणीच ओरडलं नाही. अख्खी टीम आधी लाइनमनकडे बघत होती. बाबासुद्धा हात खिशात घालून गप्प उभे होते. निशाण खालीच होतं. रेफ्रीने मधे बोट दाखवलं.

आमच्याकडे गुलाल नव्हता, तुम्ही पाठवला नाहीत म्हणून मी थोडी रागावलेही होते. पण बेटावरून आलेल्या सगळ्या लोकांनी पिशव्या उघडल्या. जोसेटच्या आईने बेकरीत मैद्यात केकचा गुलाबी रंग घालून प्रत्येकाला पुडी बांधून दिली होती. पहिली मूठ तिने बाबांच्या डोक्यावर टाकली. सिक्युरिटीला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांच्यासाठी वेगळा केक होता. बाबा रडत होते आणि मैदा ओला होऊन त्यांच्या गालाला चिकटत होता.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. तेव्हा उत्तर येत नव्हतं म्हणून मी पत्र लिहिलं नाही. आता खाली सही करते, त्यात बघा. मामींना नमस्कार, आणि तालमीत पेढे माझ्याकडून.

तुमची भाची,
शिवांगी
कॅप्टन, सेंट ओरेल पेठ