आपली बोट लोकांनी पाहिली

प्रिय ट्रेव्हर,

काल बोटींच्या प्रदर्शनाला जाऊन आले. एकटीच. आपला गॅरेथ सोडतो म्हणत होता, पण पार्किंगच्या रांगेत अडकला की त्याचा चेहरा असा होतो, जणू आपण त्याची किडनी मागितली आहे. म्हटलं राहू दे, मी बसने जाते. बस थांबते तिथपासून गेटपर्यंतचं शेत यंदाही चिखलाने भरलेलं होतं आणि यंदाही निम्मे लोक पांढरे बूट घालून आले होते. गेटवरच्या मुलीने मनगटाला कागदी पट्टी बांधता बांधता विचारलं, "एकच का?" तिकिटाचंच विचारत होती बिचारी. मी "हो, एकच" म्हटलं, ते जरा जोरातच निघालं तोंडातून. ती घाबरून सॉरी म्हणाली, मग मीही सॉरी म्हणाले, आणि मागच्या माणसाने घसा खाकरला.

आपली बोट बांधणाऱ्या हॉलिसला काल संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे मी तुला मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, नर्सिंग होममध्ये तुझ्या पलंगाशी बसून, टीव्हीचा आवाज बंद करून. बोट ठेवू की विकू? तू म्हणालास, "हो." मी म्हटलं, ट्रेव्हर, नीट ऐक, विकू? "हो." मग ठेवू? "हो." जानेवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्याकडे हा एकच शब्द उरला आहे आणि तो तू चहालाही देतोस, इंजेक्शनलाही देतोस, पलीकडच्या खोलीतल्या म्हातारीने तुला तिचा भाऊ समजून हाक मारली तर तिलाही देतोस. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एका वाक्यात हो म्हणाला नाहीस मला, आणि आता हे. मी हसले त्या वेळी. नर्स बेनेडिक्टा औषधं घेऊन आली होती, तिच्यासमोर हसले. बाहेर बसस्टॉपवर बसून मग जे काय व्हायचं ते झालं.

तर आपली बोट, आपलं कालव्यावरचं घर. हॉलिसने ती धक्क्याच्या पहिल्याच जागी लावली होती, सगळ्यांत पुढे. हिरवा रंग तू म्हणाला होतास तसाच गडद आला आहे. बाजूवर नावाची जागा कोरीच आहे, हॉलिस म्हणाला मालकाचं नक्की झालं की रंगवून घेऊ. दाराशी पाटी होती, "विकलेली बोट, मालकांच्या सौजन्याने पाहण्यासाठी खुली." मालक रांगेत उभी होती, बूट हातात घेऊन, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी कोण ते हॉलिसच्या माणसांना सांगितलं नाही. दारातली पोरगी म्हणाली, "आजी, पायऱ्या जपून हं, उंच आहेत." त्या पायऱ्या माझ्या गुडघ्याला बेताच्या व्हाव्यात म्हणून तू हॉलिसशी दोन वेळा भांडला होतास, ते तिला कुठून माहीत असणार. तरी मला तिचा राग आला.

आणि लोक, ट्रेव्हर! मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिले आणि आपल्या घरातून माणसं जात राहिली. एका बाईने सगळे खण उघडून पाहिले, एकात तिचा चॉकलेटचा कागद टाकला आणि बंद केला. एकजण भिंतीवर टकटक करून बायकोला सांगत होता, "हे काही खरं ओकचं लाकूड नाही बरं का, वर नुसतं चिकटवलंय." खरं आहे ते, मी तुझ्या पावत्या पाहिल्या आहेत, मी त्याला जवळजवळ सांगणारच होते. न्हाणीघरापाशी तर चेष्टेला ऊतच आला. "अगं बाई, बाथटब! बोटीत? एका आंघोळीत टाकी रिकामी!" "आंघोळ कसली, जो कोण मालक आहे ना, त्याची बायको महाराणी असणार." सगळे हसले, मीही हसले. माझ्या कंबरेसाठी तू तो बसवून घेतलास आणि त्यापायी कपाटाची जागा घालवलीस, हे मी त्यांना का सांगावं? मग एक जोडपं पलंगावर आडवं झालं, चक्क बूट नाहीत म्हणून आडवं झालं, आणि तो म्हणाला, "हे बघ, इथे एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने सोडायचा." ती म्हणाली, "घोरणाऱ्याने मग छपरावर जायचं." त्या पलंगाची रुंदी आपण दोघांनी गॅरेथच्या गॅरेजमध्ये जमिनीवर खडूने आखून, त्यात पडून ठरवली होती. सूनबाई किम वरून कपडे वाळत घालायला आली आणि आपण दोघं फरशीवर पडलेले बघून तिने अँब्युलन्सच बोलावली असती. मला तिथे उभं राहवेना. त्या पलंगावर एका कुशीवर वळायला मला आता भरपूर जागा आहे.

बाहेर आले आणि बेकन घातलेला पाव घेतला, कारण आपण घ्यायचो. अर्धा टाकला. तंबूंमधून हिंडले. आठवतं, पहिल्या वर्षी आपण नुसतं फिरायला म्हणून आलो होतो आणि घरी गेलो ते गुलाब आणि किल्ले रंगवलेली पाण्याची कॅन घेऊन? पुढच्या वर्षी बोटीच्या कडेला सोडायचे दोराचे विणलेले गोळे, जोडीने. मग पितळी दिवे, मग पट्ट्यापट्ट्यांच्या दांड्याचे दोन पोछे. बोटीचा पत्ता नाही आणि मागची खोली गच्च भरली. शेजारच्या मॉरीनने विचारलं होतं, "काय गं ग्लेंडा, बाकी सगळं झालं, आता कालवा कधी घेताय?" तू तिला म्हणालास, "कालव्याशी बोलणी चालू आहेत." किती खूश झाला होतास त्या उत्तरावर, आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होतास. ते सगळं आता खोक्यांत आहे आणि घर मॉरीनच्या नव्या शेजाऱ्यांचं. घर विकलं तेव्हा तू म्हणालास, चार महिने पोराकडे काढू, मग आयुष्यभर आपल्याला पत्ताच नसेल. किमने मला फ्रीजमधला एक कप्पा दिला आहे, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे. वाईट नाही ती. पण मी चहा करायला उठले की ती आधी घड्याळाकडे बघते.

एका तंबूत मी लाइफ जॅकेट घेतलं. दुकानदार म्हणाला, "ताई, जोडी घ्या, साहेबांनाही होईल, स्वस्तात देतो." मी म्हटलं, एकच द्या. पैसे देऊन बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की बोट विकायची असेल तर हे मला कशाला हवं होतं? मग मी स्वतःला समजावलं की परत देता येईल.

आणि हो, ती रुंद बोटही पाहिली. तू ज्यांना तरंगते दिवाणखाने म्हणायचास, त्यातली. गॅरेथने मुद्दाम सांगितलं होतं, "मॉम, त्यात व्हीलचेअरची लिफ्ट असते, एकदा बघ तरी." होती. मी तिच्यावर उभी राहिले, माणसाने बटण दाबलं आणि मी हळूहळू खाली गेले. प्रशस्त होतं सगळं. ही फॉक्स्टनच्या लॉकमध्ये, बोटी चढवायच्या-उतरवायच्या त्या अरुंद दरवाजांच्या हौदांत, शिरायची नाही, वेल्सला जायचं आपलं सगळं तिथेच संपलं, हे तर झालंच, पण ते मी सोडूनही दिलं असतं. मी त्या माणसाला विचारलं, पलंगावर माणसाला कुशीवर वळवायला दोघांना दोन बाजूंनी उभं राहता येईल का? रात्रीसुद्धा? तो म्हणाला, "दुसरं माणूस कोण असणार तुमच्याबरोबर?" डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. मी त्याचे आभार मानले आणि लिफ्टने वर आले.

तू म्हणशील, म्हणजे म्हणायचास, की मग विक आणि मोकळी हो. विकली तर मी किमच्या शिवणयंत्राच्या खोलीत राहीन आणि रोज दुपारी तुझ्याकडे येईन. ठेवली तर राहायला माझं घर असेल, पण तुझ्या जवळपास बोट बांधून राहायला जागा नाही. मी तिन्ही ठिकाणी विचारलं, तिन्हीकडे नुसती वाट बघणाऱ्यांची रांग आहे. कायमची जागा नसेल तर चौदा दिवसांहून जास्त एका ठिकाणी थांबायचं नाही, हलत राहायचं, नियम तुला पाठ होता. याच नियमावर तर तू भाळला होतास. "दर पंधरवड्याला खिडकीबाहेर नवं गाव, ग्लेंडा!" तो नियम आता मला दर पंधरवड्याला तुझ्यापासून थोडं लांब ढकलणार.

हे सगळं डोक्यात घेऊन मी धक्क्याच्या टोकाला गेले, तिथे हौशी लोकांना बोट चालवायला शिकवतात. का गेले ठाऊक नाही. आपल्या सगळ्या सुट्ट्यांत तू सुकाणूवर आणि मी खाली उतरून लॉकचे दरवाजे ढकलायला, कमरेच्या पट्ट्यात ते लोखंडी हँडल खोचून. सगळ्याच नवराबायकोंचं तसं असतं. कधी मागितलं तर म्हणायचास, "तुझ्या हातात दिलं तर रात्रीचं जेवण शेतात." शिकवणारी रोझाली नावाची जाडजूड वेणीवाली बाई होती. तिने माझ्या हातात सुकाणूचा दांडा दिला आणि मी काय करावं? उजवीकडे वळायचं म्हणून उजवीकडे ढकलला! मी, ट्रेव्हर! शेकडो वेळा धक्क्यावर उभी राहून नवख्या लोकांना ओरडून सांगितलं आहे, अहो उलटा ढकला, उलटा! बोट सरळ बोरूच्या बेटात घुसली, बदकं ओरडत पळाली, मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. रोझाली म्हणाली, "सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं, आजीबाई." मला म्हणायचं होतं, अगं, माझं पहिल्यांदा नाही. पण होतं पहिल्यांदाच.

मग दुसऱ्या खेपेला जमलं. पुलाखालून जायचं होतं, दोन्ही बाजूंना हातभरही जागा नव्हती. बोट पुलाखालून पलीकडे गेली, कुठेही न घासता. पलीकडे ऊन होतं, एक माणूस काठावर कुत्रं धुत होता, त्याने हात केला. आणि मला आनंद झाला, ट्रेव्हर. खोटं कशाला सांगू? जानेवारीनंतर पहिल्यांदा मला तू आठवला नाहीस. वळण संपेपर्यंत मी नुसती बोट चालवत होते. मग तू आठवलास आणि मला इतकी लाज वाटली की मी दांडा रोझालीकडे दिला आणि काठाला लागेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

तिथून मी सरळ हॉलिसकडे गेले आणि म्हणाले, बोट ठेवते. त्याला वाटलं मी रडते आहे ते आनंदाने, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. उद्या, मंगळवारी, मी बोट घेऊन निघते आहे. हे पत्र तुला बेनेडिक्टा वाचून दाखवेल, कारण मी उद्या येणार नाही, परवाही नाही. पहिले काही आठवडे बसने येईन, मग दोन बस बदलून, मग किती येववेल ते मला खरंच माहीत नाही. तुझ्याच भल्यासाठी, असं एक वाक्य मी वर लिहिलं होतं, ते खोडून टाकलं. मी आत आले की तू रडायला लागतोस, मी गेल्यावर जेवत नाहीस, हे सगळं खरं आहे, बेनेडिक्टाने मला हळूच, माझा खांदा धरून सांगितलं. पण मी त्यासाठी जात नाहीये. रोज दुपारी तुझ्या त्या डोळ्यांसमोर बसणं मला सोसत नाही, म्हणून जाते आहे. तुझ्यासमोर उभं राहून हे सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बघितलं असतंस आणि मी गेले नसते. दाढीचं मी बेनेडिक्टाला दाखवून ठेवलं आहे. हनुवटीच्या खाली, जिथे तुला चटकन कापतं, तिथे ती हात हलका ठेवेल.

तुझीच, अजूनही,
ग्लेंडा