पाटीवरचा शब्द

शांती नगर, मीरा रोड

परेशदादा,

हे पत्र कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही, तरी लिहितेय.

तू जहाजावरून समुद्रात पडलास त्याला वर्ष होत आलं. कंपनी ऑफिसात तुझ्या नावाची पितळी पाटी लावतेय. खाली कोणता शब्द हवा, असं त्यांनी ईमेलवर विचारलं होतं. पास्ड अवे, लॉस्ट की डाइड?

मी भाईंदरच्या घरी जाऊन आईला वाचून दाखवलं.

"पास मंजे परीक्षेत व्हतान तसा?" तिनं विचारलं. लॉस्ट म्हणजे हरवला, असं सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. "त्योच लिव. हरवलेला मिलतं."

तेवढ्यात नीलमवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आई, ते नको. हरवला म्हटलं की मी जन्मभर दाराकडे बघत बसणार. मला नाही जमणार."

आई म्हणाली, "तुजा नवरा हाय. तूच सांग."

"डाइड," वहिनी म्हणाली.

तुझा देह मिळाला नाही, म्हणून घरात आजवर कुणी हे बोललं नव्हतं. आई वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तोच शब्द कळवून टाकला.

आई रोज तुझंही ताट मांडायची. त्या दिवशी जेवताना तिनं आम्हा तिघींपुरतीच ताटं घेतली. वहिनी उठली, चौथं ताट घेऊन आली आणि त्यात भात वाढला. भात गार होईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून होतो.

तुझी,
जागृती