चाफ्याची बोडकी काठी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा, कंबर वाकू देईल तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला? तू नुसतं "बरी आहे" म्हणून कळवतेस, त्याने इथे माझा घोर वाढतो. बरी म्हणजे किती बरी?

आता तू दिलेल्या चाफ्याचं. तुझ्या दारचा, पांढरा आणि पोटात पिवळा, तोच. चीक सुकेपर्यंत फांदी सावलीत पडू दे, असं तू बजावलं होतंस; पण ते दूध गळताना बघून माझा जीव राहीना (रक्तच ते, रंग वेगळा), म्हणून आल्या आल्या कुंडीत खोचली. मग मुळं फुटली का बघायला रोज उपटायची आणि पुन्हा खोचायची. सूनबाई कावली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी हलवून हलवून 'झोप लागली का?' विचारलं, तर लागेल का झोप?" आणि तिने कुंडी माझा हात पोचणार नाही अशी वर ठेवली.

तेव्हा कुठे पानं फुटली. थंडी पडली तशी गळाली. मी हाय खाल्ली. वरच्या मजल्यावरचे मास्तर पुस्तक घेऊन आले. म्हणे चाफ्यात जाती असतात; टोकदार पानांचा थंडीत उघडा पडतो, बोथट पानांचा बारमाही हिरवा. "तुमचा कुठला?" आता पानंच नाहीत तर टोक कुठलं बघू? शेवटी केराच्या डब्यात हात घातला. (चहाची पत्ती चिकटलेली, पण टोकदार.) तरी धीर येईना.

संध्याकाळी गॅलरीत त्या बोडक्या काठीसमोर बसतो. लहानपणी मी भोकाड पसरलं की तू चाफ्याच्या फुलाची अंगठी करून माझ्या बोटात घालायचीस आणि म्हणायचीस, "राजे, आता रडायचं नाही." इथे मला सगळे बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात. राजे कुणी म्हणत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काठी गेलीच समज. दुसरी फांदी हवी. पार्सलने नको, वाटेत मोडेल. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. सूनबाईने पत्र वाचलं. म्हणते, "बाबा, खरं लिहा." लिहितो. काठीला कळे आलेत, चांगला झुबका आहे, दोन-तीन उमललेतही. फांदी आणू नकोस. तू मात्र ये. मी अंगठी करायला गेलो की पाकळी तुटते.